कोडॅक्रोमचा अस्त आणि छायाचित्रकारांचे रंग

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स हे सुमारे दहा हजार लोकवस्तीचे गाव. ३० डिसेंबर २०१० रोजी तेथील ‘ड्वेन्स फोटो’ या प्रयोगशाळेने कोडॅक्रोम फिल्मचे रोल स्वीकारणे बंद केले. ही रंगीत फिल्म धुऊन देणारी जगातील ती अखेरची प्रयोगशाळा होती. शेवटच्या दिवसांत टपालाने येणाऱ्या पाकिटांचा तेथे ढीग लागला, अनेक जण तर स्वतः रोल घेऊन आले. आर्कान्सा राज्यातील एका रेल्वे कामगाराने १,५८० रोल धुऊन घेतले आणि त्यापोटी जवळजवळ सोळा हजार डॉलर मोजले. त्यांतील बहुतेक छायाचित्रे आगगाड्यांची होती.

कोडॅक कंपनीने या फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जून २००९ मध्येच जाहीर केले होते. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मची मागणी घटली, हे त्याचे सर्वज्ञात कारण. मात्र एखादे उत्पादन बाजारातून जाणे आणि एखादी रंगसंगती कायमची नाहीशी होणे यांत अंतर आहे. कोडॅक्रोमच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. ती समजून घेण्यासाठी फिल्मवर प्रतिमा कशी उमटते हे थोडक्यात पाहावे लागेल.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या क्षारांचे, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर या द्रावणात अशा स्फटिकांची काळी चांदी बनते आणि प्रकाश न लागलेले स्फटिक हायपोच्या द्रावणात विरघळून जातात. इंग्रजी ‘डेव्हलप’साठी ‘विकसित करणे’ असा प्रतिशब्द कोशांत मिळतो. आपल्याकडील स्टुडिओंत मात्र ‘रोल धुवायला टाकला’ असेच म्हणत. प्रस्तुत लेखिकेला तोच शब्दप्रयोग अधिक नेमका वाटतो, कारण नको ते धुऊन काढले तरच हवे ते उरते.

रंगीत फिल्ममध्ये असे तीन प्रमुख थर असतात. ते अनुक्रमे निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाची नोंद घेतात. इतर बहुतेक रंगीत फिल्मांत रंग निर्माण करणारी द्रव्ये या थरांतच मिसळलेली असतात. कोडॅक्रोमच्या थरांत ती नव्हती. ही फिल्म मुळात कृष्णधवल थरांचीच होती आणि तिला रंग मिळत तो प्रयोगशाळेत. फिल्मवर पुन्हा तांबडा आणि निळा प्रकाश टाकून, तीन वेगवेगळ्या द्रावणांतून एकेक रंग त्या त्या थरात उतरवला जाई. शेवटी सारी चांदी काढून टाकल्यावर शुद्ध रंगांची पारदर्शिका हाती येई. रंगद्रव्ये नसल्यामुळे थर अतिशय पातळ राहत आणि प्रतिमा विलक्षण रेखीव येई. अंधारात नीट ठेवलेल्या कोडॅक्रोम पारदर्शिकांचे रंग अनेक दशकांनंतरही टिकून राहिले आहेत. ही प्रक्रिया इतकी किचकट होती, की घरच्या डार्करूममध्ये ती करणे जवळपास अशक्यच होते.

ही फिल्म शोधून काढणारे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते. लिओपोल्ड मॅनेस पियानोवादक आणि लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिनवादक. काळोख्या खोलीत घड्याळ दिसत नसल्यामुळे ते ब्राम्सची सिंफनी शिटीवर वाजवून द्रावणातील वेळ मोजत, असे सांगितले जाते. १९३५ साली चलच्चित्रणासाठी आणि पुढील वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठी कोडॅक्रोम बाजारात आली.

या फिल्मचे सामर्थ्य ज्यांनी पुरते ओळखले, त्यांत भारतीय छायाचित्रकार रघुवीर सिंह यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९४२ साली जन्मलेले सिंह मूळचे जयपूरचे. तेथेच १९६६ मध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. ब्रेसाँ यांच्याविषयी त्यांना अपार आदर होता, पण त्यांचा कृष्णधवल मार्ग सिंह यांनी पत्करला नाही. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, रंग हे जाहिरातींसाठी, असा समज त्या काळी रूढ होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे गाजलेले प्रदर्शन भरले ते १९७६ साली. सिंह यांचे गंगेवरील पुस्तक त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे. भारतीय मन रंगातूनच जग पाहते, येथे रंग ही वरून चढवलेली सजावट नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा प्रत्यक्षात उतरवण्यासाठी त्यांनी निवडलेले माध्यम मात्र अत्यंत कठोर होते. कोडॅक्रोमची प्रकाशसंवेदनक्षमता आजच्या मानाने फारच कमी, त्यामुळे भरपूर उजेड लागे. शिवाय पारदर्शिकेत चुकीला क्षमा नाही. प्रकाशाचा अंदाज किंचित चुकला, की पांढरे भाग जळून जात किंवा सावल्या काळ्या ठिक्कर पडत आणि नंतर फारशी दुरुस्ती करता येत नसे. रोलमधील छत्तीस चित्रे धुऊन येईपर्यंत काय मिळाले हेही कळत नसे. तरीही सिंह यांनी निवांत, मोजके विषय घेतले नाहीत. १९९४ च्या ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईचे रस्ते, दुकानांच्या काचा आणि त्यांतील प्रतिबिंबे एकाच चौकटीत दाटीवाटीने येतात. झवेरी बाजारातील एका पेढीच्या छायाचित्रात काचेच्या आतले कोणते आणि बाहेरचे कोणते, हे ठरवण्यास डोळ्यांना वेळ लागतो. मुंबईची गर्दी इतक्या शिस्तीने रंगांत बांधणारे काम दुसरे क्वचितच असेल. सिंह यांचे १९९९ साली निधन झाले, त्यामुळे कोडॅक्रोमचा शेवट त्यांना पाहावा लागला नाही.

तो शेवटही काही अंशी मुंबईतच टिपला गेला. कारखान्यातून बाहेर पडलेला अखेरचा रोल अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना देण्यात आला होता. त्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये, मुंबईत आणि राजस्थानातील रबारी समाजात चित्रण केले. अमिताभ बच्चन, आमिर खान आणि नंदिता दास यांची छायाचित्रे त्यांत आहेत. एकही चौकट वाया जाऊ नये म्हणून मॅक्करी यांनी आधी डिजिटल कॅमेऱ्यावर चाचणी घेतली, ही त्यातली गंमत. जुलै २०१० मध्ये ते स्वतः रोल घेऊन पार्सन्सला गेले.

फिल्म केवळ नोंद घेत नाही, ती कलावंताला वाटही दाखवते. कृष्णधवल चौकोनी छायाचित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या दयानिता सिंग यांच्याकडील कृष्णधवल फिल्म एकदा संपली आणि त्यांनी दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली रंगीत फिल्म वापरली. सूर्यास्तानंतर या फिल्मवर सारे काही निळे उमटते. सामान्यतः दोष मानल्या जाणाऱ्या याच निळाईतून २००९ साली ‘ब्लू बुक’ हे त्यांचे पुस्तक साकारले.

परंतु चित्रकाराला रंग घरी घोटता येतो, तशी फिल्म घरी तयार करता येत नाही. तिला मोठा कारखाना लागतो. भारताने असा कारखाना उभारला होता. हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सार्वजनिक उपक्रम १९६० साली उटी येथे स्थापन झाला आणि १९६७ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाने विकली जाणारी त्याची कृष्णधवल फिल्म देशभरातील स्टुडिओंत वापरली जाई. १९९० च्या दशकात हा उद्योग आजारी ठरला आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली.

कारखाना बंद होणे हाच कलाकृतीचा विषय करण्याचे काम ब्रिटिश कलावंत टॅसिटा डीन यांनी केले. आपण वापरतो ती १६ मिलीमीटरची कृष्णधवल फिल्म यापुढे बनणार नाही, असे कळल्यावर त्या फ्रान्समधील कोडॅकच्या कारखान्यात गेल्या आणि त्याच फिल्मच्या उरलेल्या रोलवर तेथील यंत्रांचे चित्रण केले. हा ‘कोडॅक’ नावाचा चित्रपट २००६ सालचा आहे. २०१८ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांच्यासह त्या मुंबईत आल्या होत्या. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने भरवलेल्या त्या कार्यक्रमात, डिजिटलबरोबर फिल्मही उपलब्ध राहिली पाहिजे, असा आग्रह दोघांनी धरला.

त्याच वर्षी कोडॅकची एक्टाक्रोम ही २०१२ मध्ये बंद झालेली पारदर्शिका फिल्म पुन्हा बाजारात आली. तिचे रंग थरांतच असतात आणि ती धुण्याची प्रक्रिया इतर कंपन्यांच्या फिल्मांसाठीही चालते, म्हणून तिच्या प्रयोगशाळा टिकून होत्या. कोडॅक्रोमसाठी फिल्म, रसायने आणि यंत्रे असे सर्वच नव्याने उभे करावे लागेल. न धुतलेले कोडॅक्रोमचे रोल आजही जुन्या कपाटांतून निघतात. काही प्रयोगशाळा ते धुऊनही देतात, पण त्यांवर आता केवळ कृष्णधवल प्रतिमा मिळते.