चिन्नोरचा सुवास माती, थंडी आणि शेवटच्या पाण्यावर

सिहोरा (जि. भंडारा) : द्राक्षाच्या मद्याची चव वेलीइतकीच मातीवर आणि रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असते, हे नाशिकच्या निमित्ताने महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे. हाच नियम तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसराच्या धानालाही लागू पडतो. येथील चिन्नोर तांदळाचा सुवास केवळ बियाण्यात नाही.

सुवासिक तांदळाचा वास प्रामुख्याने '२-एसिटिल-१-पायरोलिन' या द्रव्यामुळे येतो. दाणा भरताना उष्मा अधिक असेल तर ते कमी तयार होते. हवा थंडावली की दाण्यात टिकून राहते. चिन्नोर हे 'भारी', म्हणजे उशिरा येणारे धान. हलके धान दिवाळीच्या आसपास कापणीला येते, तर चिन्नोरचा दाणा पाऊस ओसरून रात्री गारठू लागल्यावर भरतो. नाशिकच्या द्राक्षातील आंबटपणाही थंड रात्रीच राखतात.

मातीची प्रतवारी शेतकऱ्यांनी पूर्वीच करून ठेवली आहे. कन्हार काळी व भारी, मोरंड मध्यम, सिहार पिवळसर रेताड, तर बर्डी उंचवट्याची. सिहार जमिनीत पाण्याची सोय असेल तरच धान साधते. बांधीत चिखलणी नीट झाली तर पाणी मुरत नाही, तुंबून राहते.

मुख्य अडचण पाण्याचीच आहे. वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडूनही तो ऑक्टोबरात परततो, आणि नेमके तेव्हाच चिन्नोर निसवते. त्यासाठी मालगुजारी तलाव व बोड्या खोदल्या गेल्या. सिहोरा भागाची भिस्त चांदपूर जलाशयावर असून, सोंड्याटोला उपसा योजनेतून बावनथडी नदीचे पाणी त्यात सोडले जाते. पाण्याची शेवटची पाळी चुकली की दाणा पोचट राहतो.

एवढे करून पदरात काय पडते? हमीभावात धानाचे 'साधारण' आणि 'अ' असे दोनच वर्ग आहेत. सुवासाची किंमत कोठेच धरलेली नाही. त्यातच चिन्नोरचे उत्पादन कमी आणि ताटे उंच; युरिया जास्त झाला की पीक लोळते. हलक्या, भरघोस वाणांकडे शेतकरी वळला तर त्यात नवल नाही.

शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये, तर भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकनाचा वापर करण्यासाठी उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केल्याखेरीज पोत्यावर मानांकनाची खूण लावता येत नाही.