फुलीचा स्क्रू आणि काढणाऱ्याचा घाम

मोटारीचं पुढचं चाक उतरवलं, कॅलिपर तारेने बाजूला टांगला, की ब्रेकची डिस्क उघडी पडते. होंडाच्या अनेक मोटारींत या डिस्कवर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या जागेत, दोन स्क्रू दिसतात. सहा मिलिमीटर जाडीचे, डोकं डिस्कच्या पातळीत बुडालेलं आणि डोक्यावर फुलीची खाच. दिसायला अगदी निरुपद्रवी. मॅन्युअलप्रमाणे ते ९.८ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळायचे असतात. त्याच चाकाचे नट आवळतात १०८ न्यूटन-मीटरला. अकरापट फरक. तरीही जुनी डिस्क बदलायला घेतली की चाकाचे नट बघता बघता निघतात आणि हे दोन स्क्रू अख्खी दुपार खातात.

घडतं ते असं. ड्रायव्हर खाचेत बसवला, मनगट फिरवलं, की टोक खाचेतून वर सरकतं आणि कर्रकन आवाज होतो. खाचेच्या कडेला चकचकीत धातूचा बारीक कीस दिसतो. तो गंज नव्हे, स्क्रूचं अंगच निघालेलं असतं. पुन्हा तसाच जोर दिला की कड आणखी खाल्ली जाते आणि थोड्याच वेळात फुलीच्या जागी गुळगुळीत वाटोळा खड्डा उरतो. ‘स्क्रू स्लिप झाला’ म्हणतात तो हा. स्क्रू ‘हट्टी’ निघाला असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटात आपणच त्याचं वाटोळं केलेलं असतं.

९.८ न्यूटन-मीटरला बसवलेला स्क्रू इतका घट्ट का होतो? कुठलाही स्क्रू आवळताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्के दोन भाग एकमेकांवर दाबायच्या कामी येतो. सुमारे निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. म्हणजे स्क्रू काढताना आपण झगडतो ते मुख्यतः घर्षणाशी. डिस्कवरचे स्क्रू चपट्या डोक्याचे, खालून शंकूच्या आकाराचे. नव्वद अंशांचा शंकू आपल्या खळग्यात पाचरीसारखा रुततो आणि सपाट बुडाच्या डोक्याच्या तुलनेत पृष्ठभागावरचा दाब सुमारे १.४ पट होतो. त्यात ही जागा ब्रेकची. घाट उतरताना डिस्क शेकडो अंशांपर्यंत तापते, खाली पोचल्यावर एखाद्या डबक्यातून जाते आणि गार होते. हे वर्षानुवर्षं चालतं. फटीत पाणी शिरतं, लोखंड गंजतं. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. डिस्क आणि स्क्रूच्या डोक्यामधली केसाएवढी फट तो ठासून भरून टाकतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीचं काम पुण्यातला मेकॅनिक कुरकुरत हातात घेतो, त्यामागे हेच कारण.

इतकं सगळं सोसणाऱ्या स्क्रूला काढण्यासाठी दिलेली खाच मात्र सगळ्यात दुबळी. आता इतिहासात थोडं मागे जायला हवं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात स्क्रूवर सरळ एका रेघेची खाच असे. हाताने सावकाश काम करणाऱ्या सुताराला ती पुरत होती. कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर, यंत्राच्या ड्रायव्हरने स्क्रू मारायची वेळ आली तेव्हा ती नडू लागली. टोक बाजूला घसरायचं आणि रंगवलेल्या पत्र्यावर ओरखडा उठायचा. कॅनडातल्या पी. एल. रॉबर्टसनने १९०८मध्ये चौकोनी खाचेचा स्क्रू काढला आणि ओंटारिओतल्या मिल्टन गावी त्याचा कारखाना उभा राहिला. हा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर आपला आपण टिकून राहायचा, घसरायचा नाही. फोर्डच्या मॉडेल टीच्या कॅनडातल्या बांधणीत तो वापरला गेला. फोर्डला त्याच्या उत्पादनावर आपला हक्क हवा होता. रॉबर्टसनने नकार दिला आणि हा स्क्रू बराचसा कॅनडापुरताच राहिला. काढणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच हुकलेली संधी, असं मला वाटतं.

अमेरिकेत, ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात, जॉन थॉम्पसनला १९३३मध्ये फुलीच्या खाचेचं पेटंट मिळालं. त्याची कल्पना हेन्री फिलिप्स नावाच्या धडपड्या गृहस्थाने विकत घेतली, सुधारली आणि १९३६मध्ये स्वतःची पेटंटं मिळवली. ऱ्होड आयलंडच्या अमेरिकन स्क्रू कंपनीने उत्पादन सुरू केलं. जनरल मोटर्सने १९३६च्या कॅडिलॅकमध्ये हे स्क्रू वापरले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथल्या बहुतेक स्क्रू-कारखान्यांनी फिलिप्सकडून परवाने घेतले.

कारखान्याला यात काय आवडलं? टोक न बघताही खाचेत आपोआप मधोमध बसतं. एका हाताने स्क्रू धरायची गरज नाही. खाचेच्या भिंती उतरत्या, त्यामुळे ठशाने एका फटक्यात डोकं घडवता येतं आणि ठसा अडकत नाही. पण उतरत्या भिंतीचा दुसरा परिणाम अटळच. पिळायला लावलेल्या जोराचा काही भाग टोकाला वर ढकलतो, आणि जोर जितका जास्त तितकी ढकलही जास्त. स्क्रू पुरता आवळला की ड्रायव्हर आपोआप सुटावा म्हणून मुद्दाम अशी योजना केली, हे सर्रास सांगितलं जातं. १९३६च्या मूळ पेटंटांत असा हेतू लिहिलेला नाही. १९४९च्या एका सुधारित पेटंटात मात्र तो येतो. हेतू असो वा नसो, घसरणं बसवताना खपून जातं, कारण तेव्हा स्क्रू नवा, आटे स्वच्छ आणि सगळं तेलकट असतं. दहा वर्षांनी उलटा फिरवताना त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

आणि डिस्कवरच्या त्या दोन स्क्रूंचं काम तरी काय? कारखान्यात डिस्क लावल्यापासून चाक बसेपर्यंत ती जागेवर धरून ठेवणं, एवढंच. चाक लागलं की त्याचे नट डिस्कला हबवर असं काही दाबून धरतात की स्क्रूंनी करण्याजोगं काही उरत नाही.

आपल्याकडे या कहाणीत जपान येऊन मिसळतो. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली. या गाड्यांबरोबर जपानी मानकाचा फुलीचा स्क्रूही गॅरेजात आला. वरवर पाहता तो फिलिप्ससारखाच. पण त्याच्या खाचेची ठेवण वेगळी आहे. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, वरच्या कडांवरच टेकतं आणि त्याच कडा खातं. दुकानात ‘स्टार’ म्हणून मिळणारा ड्रायव्हर बहुतेक फिलिप्सच्या घाटाचा. आरएक्स १००च्या इंजिनाच्या कव्हरावरचे स्क्रू काढताना एका पिढीतल्या मेकॅनिकांनी शिव्या घातल्या आणि नंतर त्या जागी ॲलनचे बोल्ट बसवून टाकले, त्याचं मूळ बरंचसं या गफलतीत आहे. जपानी स्क्रू ओळखायची एक खूण आहे: फुलीच्या दोन हातांमधल्या कोपऱ्यात बारीक टिंब. प्रत्येक स्क्रूवर ते असतंच असं नाही, पण दिसलं तर साधा स्टार ड्रायव्हर खाली ठेवावा. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचे जपानी मापाचे ड्रायव्हर आता भारतातही मागवता येतात. मापाचंही तेच. घरातल्या पेटीत असतो दोन नंबरचा ड्रायव्हर आणि डिस्कवरच्या स्क्रूला लागतो तीन नंबर. दोन नंबर त्यात बसल्यासारखा वाटतो, हीच फसगत.

आता प्रत्यक्ष काढायचं. आधी खाच साफ करावी. दाभणासारख्या टोकदार सळईने तळाशी जमलेली काजळी आणि गंज उकरून काढला की टोक मिलिमीटरभर तरी खोल जातं, आणि सगळा खेळ त्या मिलिमीटरचाच असतो. मग पंच डोक्यावर ठेवून हातोडीचे दोन-चार नेमके ठोके. स्क्रू फिरवायचा नाही, फक्त गंजाची पकड तडकवायची. यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. हे हातोडीने ठोकायचं हत्यार; विजेच्या मशीनशी त्याची गल्लत करू नये. जाड नळीसारखी मूठ, आत तिरकी खाच. मागून ठोका बसला की टोक एकाच क्षणी खाचेत दाबलं जातं आणि थोडंसं फिरतं. फुलीची उतरती भिंत टोकाला वर ढकलत असते, नेमक्या त्याच वेळी ठोका त्याला खाली रेटतो. फिलिप्सच्या खाचेतला दोष इतक्या सरळपणे खोडून काढणारं दुसरं हत्यार माझ्या पाहण्यात नाही. ठोकण्याआधी दिशा उलटी केली आहे ना, हे हाताने फिरवून बघावं. आवळायच्या दिशेने ठोकत बसलेली माणसं असतात.

खाच थोडीच खराब झाली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावतात. तिच्यातले खरखरीत कण टोक आणि खाच यांच्यात अडकून पकड देतात. तेही जमलं नाही तर धारदार छिन्नी डोक्याच्या कडेला तिरकी लावून उलट्या दिशेने ठोकायची.

तेल फवारायचं की नाही? डब्ल्यूडी-४० हे नाव आता तोंडी बसलंय, पण ते १९५३मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत पाणी हटवून गंज रोखायला तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरलं गेलं. जाम आटे सोडवणं हे त्याचं मूळ काम नव्हे. त्या कामाची खास तेलं वेगळी मिळतात, आणि ती रात्रभर मुरू दिली तर उपयोगी पडतात. डिस्कवरच्या स्क्रूत अडचण अशी की डोकं शंकूत रुतलेलं असल्याने समोरून मारलेलं तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही. हबच्या मागून वाट असेल तर तिथून सोडावं. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर आणि पॅडवर मात्र त्याचा थेंबही नको.

उष्णता देताना धातू कोणता ते बघावं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बाइकच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमधला सहा मिलिमीटरचा पोलादी स्क्रू घ्या. सगळं शंभर अंशांनी तापलं तर भोक स्क्रूपेक्षा सहा-सात मायक्रॉनने जास्त मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक, पण जाम आट्यांना तेवढं पुरतं. लाल लॉक्टाइट, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव, लावलेला स्क्रू असेल तर सुमारे अडीचशे अंशांपर्यंत नेल्याशिवाय ते सोडत नाही. डिस्कच्या बाबतीत दोन्ही भाग लोखंडी, सारखेच फुगणारे. तिथे गंजाची पकड तुटते इतकाच फायदा. शिवाय बाजूला बेअरिंगचं ग्रीस आणि रबर असतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेणं तर सरळ जिवावरचं, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

काहीच चाललं नाही तर ड्रिल. लोक इथे ईझी-आउट काढतात, म्हणजे स्क्रूच्या पोटात भोक पाडून त्यात उलट्या पिळाचं निमुळतं हत्यार फिरवायचं. बारीक स्क्रूंसाठी मला ते पसंत नाही. निमुळतं टोक आत घुसताना स्क्रूचं अंग बाहेर फुगवतं, म्हणजे आट्यांची पकड वाढवतंच. आणि कडक पोलादाचं असल्याने वाकत नाही, मोडतं. मोडलेल्या तुकड्यात साधं ड्रिल शिरत नाही. मग भाग काढून भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत, स्पार्क इरोजन मशीनवाल्याकडे न्यायचा. ठिणग्यांनी धातू खाणारं हे तंत्र मॉस्कोत लाझारेंको पती-पत्नींनी १९४३मध्ये विकसित केलं. त्याच सुमारास अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर यांनी असंच यंत्र बनवलं, तेही ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडून अडकलेली ड्रिल आणि टॅप काढण्यासाठी.

डिस्कवरच्या स्क्रूला एवढं सव्यापसव्य लागत नाही. मधोमध पंचाची खूण करून सहापेक्षा किंचित जाड ड्रिलने फक्त डोकं उडवायचं. डोकं गेलं की ताण संपला. डिस्क पुढे ओढून घेता येते आणि हबमधून डोकावणारा खुंट व्हाइस ग्रिपने, कधी तर नुसत्या बोटांनीही, फिरून बाहेर येतो.

नवी डिस्क बसवताना बरेच गॅरेजवाले स्क्रू लावतच नाहीत, आणि चाक नीट आवळलेलं असेल तर त्याने धोका काहीच नाही. तरीही मी लावायला सांगेन. पुढे पॅड बदलायला किंवा पंक्चरसाठी चाक उतरलं की मोकळी डिस्क हलते, मागे गंजाचे पापुद्रे पडतात आणि तशीच पुन्हा आवळली तर वाकडी चालून ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं. स्क्रू नवेच घ्यावेत. डोक्याखाली आणि आट्यांना तांबं असलेल्या अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात द्यावा, टॉर्क थोडा कमीच ठेवावा, कारण पेस्टने घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्क्रू जास्त ताणला जातो. तीच पेस्ट चाकाच्या नटांना लावू नये.