फळांच्या गरातून घडलेली गोळी

फळांच्या स्वादाची, दाताखाली चिवट लागणारी गोळी जगाच्या बाजारात रुळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनमध्ये मार्स कंपनीने १९६० साली ‘ओपल फ्रूट्स’ विकायला आणली, जी पुढे ‘स्टारबर्स्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जपानमध्ये मोरिनागा कंपनीची ‘हाय-च्यू’ १९७५ साली आली. पुणेकरांच्या परिचयाची ‘फलेरो’ ही गोळी मात्र कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या पाचगणीच्या ‘मॅप्रो’ची असून तिचे मूळ मिठाईच्या कारखान्यात नव्हे, तर फळ टिकवण्याच्या धडपडीत आहे.

ब्रिटिश काळात महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत रुजलेली स्ट्रॉबेरी हे अत्यंत नाजूक फळ. ते हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच मिळते आणि तोडल्यावर काही दिवसांतच खराब होऊ लागते. या फळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, २०१० साली लाभले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, किशोर व्होरा यांनी पाचगणीत ‘मॅप्रो’ सुरू करून स्ट्रॉबेरीचा जॅम बनवण्यास आरंभ केला होता. जॅम, सरबते आणि पुढे गराच्या गोळ्या हा क्रम स्वाभाविक म्हणावा लागेल, कारण गर साखरेत आटवून त्यातील पाणी कमी करणे, जेणेकरून सूक्ष्मजीवांना वाढण्यास वाव उरू नये, हे तत्त्व या साऱ्यांच्या मुळाशी आहे. कोकणातील आंबापोळीही याच तत्त्वावर टिकते. तेथे आमरसाचे पातळ थर ताटात पसरून उन्हात वाळवतात, एवढाच काय तो फरक.

गोळीचा चिवटपणा दोन मार्गांनी साधतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ‘स्टारबर्स्ट’सारख्या गोळ्यांत साखरेच्या पाकात वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ आणि जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या कातडीपासून व हाडांपासून मिळणारे प्रथिन, मिसळून तो गोळा वारंवार ओढतात, त्यामुळे त्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात. दुसऱ्या मार्गात पेक्टिन वापरतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालींत आणि सफरचंदाच्या चोथ्यात विपुल असणारा हा पदार्थ भरपूर साखर व पुरेसे आम्ल मिळाले की जाळे विणून गराला बांधून ठेवतो, तर स्टार्चपासून केलेला द्रवरूप ग्लुकोज साखरेचे खडे होऊ देत नाही. शाकाहारी कुटुंबांची संख्या मोठी असलेल्या समाजात पाकिटावरील हिरव्या ठिपक्याला महत्त्व येते ते जिलेटिन की पेक्टिन या फरकामुळेच.

अशा गोळीचे खरे मोल तिच्यातील गरात आहे. केवळ कृत्रिम स्वाद आणि रंग घालून केलेली गोळी स्वस्त पडते, पण तिच्यातून फळ पिकवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. गर वापरणाऱ्या कारखान्यामुळे मात्र बाजारात ताजे विकले न जाणारे, आकाराने लहान वा अतिपक्व फळही उपयोगी पडू शकते. भारतीय नियमांनुसार पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागत असल्याने साखर आणि ग्लुकोज यांच्यानंतर फळाचा गर कितव्या जागी आहे, हे ग्राहकाला विकत घेण्यापूर्वीच पाहता येते.