हातभर अंतरावरची जादू : शिकायची तर कशातून?

जादूगार म्हटलं, की डोळ्यांसमोर रंगमंच येतो. झगमगीत पोशाख, संगीत, पेटीतून गायब होणारी मुलगी. आमच्या आधीच्या पिढीनं पी. सी. सरकारांचे, पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिले आणि आयुष्यभर सांगितले. पण जादूचा आणखी एक प्रकार आहे, त्याला ना रंगमंच लागतो, ना पडदा. समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत नाणं नाहीसं होतं, त्यानं मनात धरलेला पत्ता वर येतो. इंग्रजीत याला ‘क्लोज-अप मॅजिक’ म्हणतात. आपल्याकडे चौकात सतरंजी टाकून तीन वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करणारा गारुडी वर्षानुवर्षं हेच करत आला. आपण त्याला हातचलाखी म्हणून मोकळे झालो!

आता हीच हातचलाखी मोबाइलच्या पडद्यावर आलीय. घरातली मुलं तासन्‌तास बघतात. एखाद्या मैत्रिणीलाही वाटतं, आपणही हे शिकावं. नातवंडांना दाखवू, भिशीत दाखवू. हौस चांगलीच आहे. अडचण सुरू होते ती पुढे. शिकायचं कशातून? पुस्तक, व्हिडिओ, क्लास, की बाजारात मिळणारी ‘शंभर जादूंची पेटी’? साधनं इतकी आहेत, की नवखा माणूस शिकण्याऐवजी गोळाच करत बसतो.

पेटी नको, घरातलं चालेल

सगळ्यात आधी पैसे जातात ते पेटीवर. प्लॅस्टिकची अंडी, दुहेरी तळाची डबी, खोटा अंगठा. पेटी उघडली, की पहिल्या दिवशी दहा जादू ‘येतात’ आणि आठव्या दिवशी पेटी माळ्यावर जाते. कारण सरळ आहे. त्यात जादू वस्तू करते, माणूस काही शिकत नाही. कुणी म्हणालं, ‘बघू ती डबी जरा,’ की खेळ खलास.

त्याऐवजी एक पत्त्यांचा कॅट, चार नाणी, दोन रबर बँड, हातभर सुतळी आणि एक रुमाल एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. त्यातही थोडं बघून घ्यावं. बहुतेक इंग्रजी पुस्तकं ‘पोकर’ मापाचे पत्ते धरून लिहिलेली असतात. ते अडीच इंच रुंद. ‘ब्रिज’चे पत्ते पाव इंचानं अरुंद असतात. लहान मुलांच्या आणि आपल्या बायकांच्या हातांना ते सोपे जातात. पत्ते मात्र पंख्यासारखे सहज पसरायला हवेत. एकमेकांना चिकटणारे असतील, तर कितीही सराव करा, हात अडतोच.

नाण्यांचंही तसंच. अमेरिकी पुस्तकं त्यांचा अर्धा डॉलर धरून शिकवतात, तो ३० मिलिमीटरहून थोडा मोठा. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. ते छान चालतं. एक रुपयाचं छोटं नाणं तळहातात धरायला मोठ्या माणसालाही जड जातं. ‘माझे हातच या कामाचे नाहीत,’ असं म्हणून सोडून देणाऱ्यांत कितीतरी जण नुसत्या चुकीच्या नाण्यामुळे हरलेले असतात.

पुस्तक : एकच, पण नीट

पुस्तकांत सुरुवातीला मला एकच नाव सुचवावंसं वाटतं. मार्क विल्सन यांचा ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’. तो १९७५ साली आला. पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, वाट्या-गोळ्या असं सगळं त्यात थोडं थोडं आहे आणि पायरीपायरीला चित्रं आहेत. आपल्याला नेमकी कशाची गोडी आहे, हे कळायला त्याचा फार उपयोग होतो. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल, तर बिल टार यांचं १९७६ चं ‘नाउ यू सी इट, नाउ यू डोन्ट’ बघावं. त्यात मजकूर कमी आणि रेखाचित्रं भरपूर.

गोडी पत्त्यांकडे वळली, तर ह्यूगार्ड आणि ब्राउए या जोडीचं ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. त्याची मांडणी आपल्या बालभारतीच्या पुस्तकासारखी आहे. एक कृती शिकायची आणि लगेच तिच्यावर बेतलेले खेळ करायचे, मग पुढचा धडा. नाण्यांकडे वळली, तर जे. बी. बोबो यांचं १९५२ चं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’. रोबर्तो जॉब्बी यांची ‘कार्ड कॉलेज’ ही पाच खंडांची मालिका फार पद्धतशीर आहे, पण ती पुढची पायरी. आणि १९०२ सालचं अर्डनेस यांचं ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ कुणी पहिल्याच दिवशी हातात ठेवलं, तर नमस्कार करून कपाटात ठेवावं. ग्रंथ थोर आहे, पण नवख्यासाठी तो म्हणजे बाराखडीआधी ज्ञानेश्वरी!

ही पुस्तकं जुनी आहेत, म्हणून नाक मुरडू नये. बोटं तीच आहेत, डोळे तेच आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर चौकशी करावी. मुलांचं इंग्रजी कच्चं असेल, तर आईनं शेजारी बसून वाचावं, मुलानं हातानं करावं. एकाच वेळी भाषा आणि कला, दोन्ही शिकून होतात.

पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे ते हळू शिकवतं. चित्र स्थिर असतं. बोट कुठे आहे ते पाहायला, पुन्हा पाहायला सवड असते. शिवाय पुस्तकात बोलणं लिहिलेलं असलं, तरी आवाज नसतो. त्यामुळे आपल्याला आपल्या शब्दांत, आपल्या मराठीत बोलावं लागतं. तिथेच जादू आपली होते.

व्हिडिओ : चाळणी लावून

व्हिडिओ वाईट, असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी पाहिल्याशिवाय कळतच नाहीत. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात ‘दिल्यासारखं’ करताना हाताची लय कशी असते, नजर कुठे असते, हे कागदावर किती सांगणार? पुरणपोळीची कृती वाचून येते, पण पोळी लाटणारा हात एकदा तरी बघावा लागतो. तसंच हे.

पण चाळणी हवी. मी चार प्रश्न विचारायला सांगते. हा माणूस नुसतं गुपित फोडतोय, की शिकवतोय? ‘असं करा’ याबरोबर ‘असं का’ हेही सांगतो का? खेळ आधी प्रेक्षकाच्या बाजूनं, सलग, एकदा पूर्ण दाखवतो का? आणि हा खेळ मुळात कुणाचा, कुठून घेतला, त्याचं नाव घेतो का? चारही उत्तरं ‘हो’ असतील, तर तो गुरुजी बरा. काल शिकलेला मुलगा आज लाखभर लोकांना शिकवत असेल, तर त्याच्या चुकाही तुमच्या बोटांत उतरतात आणि त्या काढायला दुप्पट वेळ लागतो.

आणखी एक. एका बैठकीत एकच व्हिडिओ. पाहून झाला, की मोबाइल उलटा ठेवायचा आणि आरशासमोर बसायचं. आठवड्यानं त्याच मोबाइलनं स्वतःचं चित्रण करायचं. आरशात आपण नकळत स्वतःला सांभाळून घेतो, चित्रणात सगळं उघडं पडतं.

शिक्षक आणि मुली

समोर बसून शिकवणारा चांगला शिक्षक मिळाला, तर त्याला तोड नाही. बोट जरा वर घे, आता बघू नकोस, एवढं एक वाक्य महिन्याची मेहनत वाचवतं. मात्र जो पहिल्याच दिवशी सामानाची यादी हातात देतो आणि ते आपल्याकडूनच घ्यायला लावतो, त्याच्यापासून लांब राहावं. मुलांच्या क्लासला पालकांना बसू न देणारा तर नकोच.

मुलींच्या बाबतीत थोडं जास्त बोलायला हवं. जादू म्हटलं, की करणारा पुरुष आणि पेटीत शिरणारी बाई, हे चित्र फार घट्ट बसलंय. लंडनची ‘मॅजिक सर्कल’ ही नामांकित संस्था १९०५ साली स्थापन झाली, पण स्त्रियांना तिची दारं उघडली ती १९९१ मध्ये! त्याच वर्षी सोफी लॉइड या तरुणीनं पुरुषाचा वेश घेऊन, ‘रेमंड’ या नावानं परीक्षा देऊन सदस्यत्व मिळवलं होतं. तिनं खरं सांगितल्यावर संस्थेनं तिलाच काढून टाकलं. तब्बल ३४ वर्षांनी, २०२५ मध्ये, ते सदस्यत्व तिला सन्मानानं परत मिळालं. त्याआधी २०२१ मध्ये मेगन स्वॉन ही संस्थेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली होती. आपल्याकडे सुहानी शहा लहानपणापासून रंगमंचावर आहे. मुलीला शिकवताना अशी नावं जरूर सांगावीत.

सुरुवात साध्या खेळानं

पहिला खेळ हातचलाखीचा नसलेलाच निवडावा. उदाहरणार्थ, २१ पत्त्यांचा. समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा. पत्ते उघडे, एकेक करून तीन ओळींत सात-सात वाटायचे. पत्ता कोणत्या ओळीत आहे ते विचारायचं आणि ती ओळ मधे ठेवून पत्ते गोळा करायचे. असं तीनदा. मग वरून मोजलं, की अकरावा पत्ता तोच. गणितच आहे, चुकत नाही. म्हणूनच हात मोकळे राहतात आणि बोलण्याकडे लक्ष देता येतं. नुसतं मोजून पत्ता काढला, तर लोक ‘गणित आहे’ म्हणतात. गप्पा मारत, डोळ्यांत बघत, उशीर लावत काढला, तर तोच खेळ जादू होतो. हा फरक ज्याला कळला, त्याला कुठलंही पुस्तक पुरतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

कुणी म्हणेल, हौसेपुरत्या गोष्टीसाठी एवढी चिकित्सा कशाला? त्याचं उत्तर मला वस्तीतल्या कामात मिळतं. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे गडबड झालीय, बांगड्या काढून कागदात बांधा, आम्ही बांधून देतो,’ असं सांगून भरदिवसा आजीबाईंना लुबाडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पुडी घरी येऊन उघडली, की आत खडे! ही काही मंत्रतंत्रानं केलेली भूल नाही. ही शुद्ध हातचलाखी. एक माणूस बोलतो, घाबरवतो, नजर खेचून घेतो आणि दुसरा हात पुडी बदलतो. बचत गटाच्या बैठकीत मी पुडीची ही अदलाबदल दोन कागदी पुड्या घेऊन करून दाखवते. आधी हशा पिकतो. मग खोली गप्प होते. एखादी हळूच म्हणते, ‘ताई, पुन्हा दाखवा, या खेपेला मी तुमच्या तोंडाकडे नाही बघणार.’ भाषणानं जे होत नाही, ते इथे होतं.

हा धागा जुना आहे. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटकिणींच्या समजुतीविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. चेटकीण ठरवून बायकांना फासावर चढवण्याचा तो काळ. स्कॉट यांनी त्यात नाण्यांच्या, गोळ्यांच्या, पत्त्यांच्या खेळांमागची युक्ती सांगितली, म्हणजे लोकांना कळावं की हे हाताचं काम आहे, सैतानाचं नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग उलगडून सांगतात, ते याच विचारानं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ मध्ये हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी एक नियम सांगावा. खेळाचं गुपित मित्रांत फोडत बसू नये, पण ‘माझ्या अंगात शक्ती आहे’ असं चुकूनही म्हणू नये. जादूगार सांगून फसवतो आणि फसलेला हसतो. भोंदू न सांगता फसवतो आणि फसलेला रडतो.

तेव्हा सुट्टीत मुलांनी, किंवा तुम्ही स्वतःच, जादूचा हट्ट धरला, तर पेटी आणू नका. एक कॅट, चार नाणी, एक पुस्तक आणि रोजची वीस मिनिटं. महिन्यात तीनच खेळ, पण असे की झोपेतून उठवलं तरी यावेत. ते तीन जमले, की चौथा कशातून शिकायचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल.