विश्लेषण : पियानोवरची पुढची अवघड रचना कशी निवडावी?

खामगाव, चिखली किंवा बुलढाण्यात कीबोर्डकडे वळणारा विद्यार्थी बरेचदा हार्मोनियमवरून आलेला असतो. भजनात उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. त्यामुळे उजवी बोटे तयार असतात, डाव्या हाताला पट्ट्यांची सवयच नसते. अशात मोबाइलवर शोपँची ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ ऐकली आणि थेट तीच वाजवायला घेतली, तर महिनाभरात कीबोर्ड कपाटावर जातो.

सुरुवात कुठून करावी?

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ‘रोमँटिक’ संगीतात डाव्या हाताला भरपूर काम आहे. शोपँची ओपस २८ मधील २४ प्रील्यूड १८३९ मध्ये छापली गेली. त्यातल्या चौथ्यात डावा हात संथपणे स्वरसमूह दाबत राहतो. सहाव्यात तर धूनच डाव्या हाताकडे आहे आणि उजवा फक्त साथ करतो. रचना जेमतेम २६ मात्राखंडांची, पण हार्मोनियमवाल्याची खरी परीक्षा घेणारी. माझ्या मते पुढचा टप्पा हाच असावा. त्यानंतर ओपस ९ मधील दुसरे नॉक्टर्न घ्यावे. त्यात डावा हात खालचा स्वर घेऊन लगेच वर उडी मारतो आणि तीन-तीनचे चार गट संपूर्ण रचनाभर सांभाळतो.

‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ अवघड का?

वेगामुळे नव्हे, लयीमुळे. उजवा हात आठ स्वर वाजवतो तेवढ्या वेळात डावा सहा. तबला शिकलेल्याला हे पाऊणपटीचे गणित लगेच उमजेल. दोन्ही बाजू एकट्याने सांभाळणे मात्र वेगळे. १८३४ ची ही रचना शोपँने स्वतः प्रसिद्ध केलीच नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये छापली गेली.

कीबोर्ड पुरेल का?

पियानोला ८८ पट्ट्या, घरच्या कीबोर्डला बहुधा ६१. राखमानिनोव्हच्या सी शार्प मायनर प्रील्यूडची सुरुवातच इतक्या खालच्या स्वरांनी होते, की ते ६१ पट्ट्यांत सापडत नाहीत. म्हणून आधी नोटेशनमधला सर्वांत खालचा आणि वरचा स्वर पाहावा. बोटाच्या दाबानुसार आवाज बदलत नसेल आणि पेडल जोडता येत नसेल, तर नॉक्टर्नची मजा उरत नाही. नोटेशनसाठी मात्र खर्च नको. शोपँ, शूमान, लिस्ट यांच्या जुन्या आवृत्त्या ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

हात दुखला तर?

थांबावे. रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताला तरुणपणीच इजा झाली आणि मंचीय वादनाचे स्वप्न सुटले. नेमक्या कारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अतिरियाज हे त्यातले एक.

परीक्षेसाठी मुंबई-पुण्याला जावे लागते का?

दरवेळी नाही. लंडनच्या ‘एबीआरएसएम’ आणि ‘ट्रिनिटी’ या संस्थांनी २०२० पासून घरी केलेल्या चित्रीकरणावर गुण देणाऱ्या परीक्षाही सुरू केल्या. मात्र कोणत्या ग्रेडला कोणते वाद्य चालते, हे शुल्क भरण्याआधीच नियमावलीत पाहून घ्यावे.