शहराच्या बारकाव्यांचं दप्तर

१९२० साली पॅरिसमधल्या यूजेन आत्झे या छायाचित्रकाराने स्वतःजवळच्या २,६२१ काचेच्या निगेटिव्ह फ्रेंच सरकारच्या कलाखात्याला दहा हजार फ्रँकला विकल्या. आयफेल टॉवर आणि रुंद, नव्या राजमार्गांचं पॅरिस त्याने जवळजवळ टाळलंच होतं. त्याच्या काचांवर होत्या दारावरच्या कड्या, जिन्यांचे लोखंडी कठडे, दुकानांच्या पाट्या, अंगणातले नळ, गल्लीच्या तोंडाशी बसवलेले दगड. आधी नट म्हणून पोट भरू पाहणाऱ्या या माणसाने दारावर पाटी लावली होती, तिचा अर्थ इतकाच की इथे कलावंतांसाठी दस्तऐवज मिळतील. चित्रकार, सुतार, लोहार, नेपथ्यकार आणि ग्रंथालयं ही त्याची गिऱ्हाइकं. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांनी त्याचं छायाचित्र आपल्या नियतकालिकात छापायला घेतलं, तेव्हा त्याने आपलं नाव घालू नका असं सांगितलं. आपण केवळ दस्तऐवज तयार करतो, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत कायम राहिली.

१९२७ मध्ये आत्झे वारला. त्याच्याकडे उरलेला संग्रह बेरेनीस अॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी मिळवला, जपला आणि जगापुढे आणला. आज आत्झे आधुनिक छायाचित्रकलेच्या आद्य पुरुषांपैकी एक मानला जातो. त्याच्या कामाचा मला भावणारा भाग मात्र वेगळा आहे. मोठ्या वास्तूंना राखणारे मिळतात. त्यांच्यावर पुस्तकं निघतात, त्यांच्यासाठी कायदे होतात. दाराची कडी, गॅलरीचा कठडा, चौकातला दिवा यांना राखणारं कुणी नसतं, आणि शहर बदलतं तेव्हा पहिला घाला यांच्यावरच पडतो. आत्झेने तीस वर्षं या बिनवारशी वस्तूंची नोंद ठेवली.

पाडण्याआधीची नोंद

त्याच्या आधीही हे काम झालं होतं, पण बहुधा हातोडा उगारला गेल्यावर. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओस्मान या प्रशासकाने जुनं पॅरिस पाडून सरळ, रुंद रस्ते काढायला घेतले. जाणाऱ्या गल्ल्यांची छायाचित्रं काढण्याचं काम पालिकेने शार्ल मार्व्हिलला दिलं. १८६०च्या दशकात त्याने अशा गल्ल्यांची सुमारे ४२५ छायाचित्रं काढली. ओल्या फरसबंदीच्या मधून वाहणारं गटार, भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती, खिडकीतून डोकावणारं कापड, सगळं त्यात आहे. पुढे त्यानेच नव्या रस्त्यांवरचे दिव्यांचे खांबही टिपले. ग्लासगोमध्ये १८६८ ते १८७१ या काळात टॉमस अॅननने नगरसुधार मंडळासाठी अंधाऱ्या, दाटीवाटीच्या बोळांची छायाचित्रं काढली. पाडण्याचं काम ज्या मंडळाकडे होतं, त्यानेच ही नोंदही करवून घेतली.

लंडनची गोष्ट वेगळी, कारण तिथे पुढाकार नागरिकांचा होता. १८७५ मध्ये ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही घोडागाड्यांच्या काळातली जुनी सराई पाडली जाणार असं दिसताच काही मंडळींनी वर्गणी काढून तिची छायाचित्रं काढवली. त्यातूनच जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रं काढणारी संस्था उभी राहिली. १८८६ पर्यंत तिने १२० छायाचित्रं प्रसिद्ध केली. ती फिकी पडू नयेत म्हणून टिकाऊ कार्बन पद्धतीने छापली होती. सराई वाचली नाही, पण तिचे लाकडी सज्जे आजही मोजता येतात.

आत्झेचा वारसा सांभाळणाऱ्या अॅबट १९२९ मध्ये न्यूयॉर्कला परतल्या. जुन्या विटांच्या घरांमागून गगनचुंबी मनोरे वर येताना त्यांना दिसले. १९३५ ते १९३९ या काळात सरकारी कलायोजनेतून त्यांनी हे शहर पद्धतशीर टिपलं. त्यातून ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे पुस्तक १९३९ मध्ये निघालं. लोखंडी सामानाचं दुकान, पावाचं दुकान, उन्नत रेल्वेची सावली यांना त्यात मनोऱ्यांइतकाच मान आहे.

मुंबईचा पहिला कॅमेरा कुठे वळला?

भारतात छायाचित्रणाची पहिली संस्था मुंबईत निघाली, १८५४ मध्ये. त्या सुरुवातीच्या काळात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही मुंबईतले हौशी छायाचित्रकार म्हणून पुढे आले. ईस्ट इंडिया कंपनीलाही उमगलं की शिलालेख आणि मंदिरं यांची नक्कल करायला चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि अचूक आहे. १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज विजापूर, ऐहोळेकडे निघाले. १८६६ मध्ये अहमदाबादच्या वास्तूंवर जो भव्य ग्रंथ निघाला, त्यातली छायाचित्रं बिग्ज यांची होती आणि आश्रयदाते होते मुंबईचे प्रेमचंद रायचंद.

हे सगळं काम मोलाचं आहे. पण त्याचा मुख्य भर मशिदी, मंदिरं आणि थडग्यांवर होता. अहमदाबादच्या पोळांमधली, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्त्यांमधली, घरं, चौकातले पाखरांना दाणे टाकायचे चबुतरे, घराच्या तोंडाशी असलेला ओटा यांच्याकडे सरकारी कॅमेरा क्वचितच वळला. २०१७ मध्ये जुन्या अहमदाबादला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो नुसत्या मशिदींसाठी नव्हता. पोळांची वस्ती आणि तिथली लाकडी घरंही त्यामागे होती. स्मारकाकडे पाहण्याची सवय आपल्याला दीडशे वर्षांपूर्वी लागली. घराकडे पाहायची सवय अजून लागायची आहे.

टोकियोचा जिना, लिस्बनची टाइल

ही सवय जपानी लोकांनी लावून घेतली. १९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर कोन वाजिरो या वास्तुतज्ज्ञाने लोकांनी पत्र्या-फळ्यांच्या उभारलेल्या झोपड्यांची रेखाटनं केली आणि पुढे रोजच्या शहरी जगण्याच्या नोंदीचं एक शास्त्रच मांडलं. १९७२ मध्ये गेन्पेइ आकासेगावा या कलावंताला टोकियोत एक जिना दिसला. वर चढावं, खाली उतरावं, पण वर दारच नाही. तरीही त्याच्या कठड्याची नुकतीच डागडुजी झालेली. निरुपयोगी झालेल्या, पण कुणीतरी निगुतीने सांभाळलेल्या अशा वस्तूंना त्याने ‘थॉमसन’ हे नाव दिलं. गॅरी थॉमसन हा अमेरिकन बेसबॉल खेळाडू. टोकियोच्या संघाने त्याला भरपूर पैसे देऊन आणलं आणि त्याची बॅट काही चालली नाही. लोक आपापल्या गल्लीतले ‘थॉमसन’ पत्त्यासह पाठवू लागले. १९८६ मध्ये वास्तु-इतिहासकार तेरुनोबू फुजिमोरी यांच्यासह या मंडळींनी रस्तानिरीक्षण मंडळ काढलं. आपल्याकडे बुजवलेली खिडकी, गिलाव्याखाली अर्धवट दिसणारी कमान किंवा पाडलेल्या शेजारघराच्या पायऱ्यांची भिंतीवर उरलेली नक्षी पाहिली की मला या मंडळाची आठवण होते.

अशा नोंदीचा रोकडा उपयोग काय, याचं उत्तर लिस्बनने दिलं आहे. तिथल्या घरांच्या दर्शनी भिंती रंगीत टाइलांनी मढवलेल्या असतात. त्या चोरून जुन्या बाजारात विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. २००७ मध्ये पोर्तुगालच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने एक मोहीम सुरू केली आणि चोरीला गेलेल्या टाइलांची छायाचित्रं सगळ्यांना पाहता येतील अशी मांडली. छायाचित्र असलं की माल ओळखता येतो, आणि ओळखता येणारा चोरीचा माल विकणं जड जातं. नोंदल्या जाणाऱ्या चोऱ्या घटल्या. पुढे टाइल लावलेल्या दर्शनी भिंती पाडण्यावर कायद्याने बंधनं आली.

हा धडा आपल्याला दूरचा नाही. पणजीच्या फोंतेन्हास वाड्यात रस्त्यांच्या नावाच्या टाइलच्या पाट्या आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीत बसवलेल्या शिंपल्यांच्या खिडक्या आहेत, ज्यांतून काचेपेक्षा मवाळ उजेड आत येतो. एक शिंपला फुटला की तिथे काच बसते, मग दुसऱ्याही ठिकाणी बसते. चंडीगडमध्ये तर शहराचा नकाशा कोरलेली गटारांची बिडाची झाकणं परदेशातल्या लिलावांत जाऊन पोहोचली.

आपल्या पायाखाली, डोक्यावर

मुंबईकडे या नजरेने पाहिलं तर काय काय हाती लागतं! फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथिड्रलपासून अंतर दाखवणारे बेसॉल्टचे मैलाचे दगड अजून काही रस्त्यांवर आहेत. पदपथ चढत गेला तसे ते गाडले गेले होते, अलीकडे पालिकेने काही उकरून नीट बसवले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांची शिल्पं आहेत. फोर्टातल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या १९३०च्या दशकातल्या इमारतीवर एन. जी. पानसरे यांनी शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका कोरल्या. चिरोदीप चौधरी यांनी वर्षानुवर्षं मुंबईतली सार्वजनिक घड्याळं टिपली. एकच वस्तू धरून सगळं शहर पालथं घालण्याचा तो नमुना आहे.

ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, जागतिक वारसा ठरल्या. या समूहात ९४ इमारती आहेत. जहाजासारख्या गोल खिडक्या, भुवईसारखे छज्जे, सूर्यकिरणांची जाळी, खास वळणाच्या अक्षरांत लिहिलेलं इमारतीचं नाव ही त्यांची ओळख. पण याच शैलीची साधी घरं दादर, माटुंगा, शिवाजी पार्कलाही आहेत. तिथे एक गॅलरी बंद होते, एक अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसते आणि पुनर्विकासाचा फलक लागतो. ‘आर्ट डेको मुंबई’ ही संस्था अशा इमारतींची एकेक करून नोंद करते आहे.

आणि चाळींचं काय? १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळी २०७ होत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे गिरणगावाच्या पिढ्या त्यांत वाढल्या. आता त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. तिथल्या माणसांना मोठं, स्वच्छ घर मिळावं हे योग्यच आहे. पण सामाईक गॅलरीचा झिजलेला कठडा, दारावर एकाखाली एक लागलेल्या आडनावांच्या पाट्या, जिन्याखालची गणेशोत्सव मंडळाची खोली यांची खोलीनिहाय नोंद कुणाकडे असेल, तर ती त्या घरांतल्या अल्बममध्ये, वाढदिवसाच्या फोटोंच्या पार्श्वभूमीला. ते अल्बम हाच चाळींचा अभिलेख आहे आणि तो आजच जमवायला हवा.

पुण्या-नाशकातल्या वाड्यांचीही तीच घाई आहे. दिंडी दरवाजा, त्याचा कडी-कोयंडा, सुरूच्या घाटाचे खांब, त्यांवरची केळफुलं, चौक, देवळ्या यांची घडण गावागणिक बदलते. कौल उलटं करून पाहिलं तर कारखान्याचा शिक्का दिसतो. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि तिथली कौलं किनाऱ्याने वर कोकणापर्यंत आली. घरातल्या नक्षीदार फरशीचाही इतिहास असतो. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने निघाली. कौलाचा शिक्का आणि फरशीची नक्षी टिपली की घराचा काळ आणि माल कुठून आला याचा धागा मिळतो.

नोंद कशी ठेवावी

आत्झेच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवायची सोय होती, म्हणून उंच इमारत टिपतानाही तिच्या भिंती सरळ राहत. काही छायाचित्रांचे वरचे कोपरे काळे दिसतात, ते भिंग फार वर सरकवल्यामुळे. कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकल्यासारख्या दिसतात. मोबाइलवर उपाय सोपा आहे. मागे सरा, शक्य असेल तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जा आणि फोन भिंतीला समांतर धरा.

कोरीव कामाला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं, त्याने खोली दिसते. टाइल, पाटी आणि रंग यांना ढगाळ उजेड बरा. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने पाण्याच्या टाक्या आणि खाणींचे सांगाडे मुद्दाम ढगाळ आभाळाखाली, सारख्याच पद्धतीने टिपले, म्हणून शेजारी-शेजारी मांडल्यावर त्यांतला फरक चटकन कळतो. आधी पूर्ण इमारत, मग दर्शनी भागाचा एक हिस्सा, मग तपशील, असा क्रम ठेवा. तपशिलाशेजारी मोजपट्टी ठेवली की माप कळतं.

चित्राइतकीच टीपही महत्त्वाची. गाव, गल्ली, घराचं नाव, तारीख, कुठल्या बाजूची भिंत, आणि घरातल्या जाणत्यांनी सांगितलेली माहिती लगेच लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र नेहमीसारखं पाठवलं की त्यातली जागेची आणि वेळेची आपोआप झालेली नोंद गळून पडते, म्हणून मूळ फाइल जपा. विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या संग्रहात टाकलेलं, पत्ता लिहिलेलं छायाचित्र उद्याच्या अभ्यासकाला सापडेल.

कायद्याची भीती बाळगू नका. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वास्तूचं छायाचित्र काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देतं. फ्रान्समध्ये इतकी मोकळीक नाही. आयफेल टॉवरची रात्रीची रोषणाई तिथे हक्काने राखीव आहे. मात्र कायद्यापलीकडची रीत पाळायला हवी. ‘काकू, तुमच्या दाराचा फोटो काढू का?’ एवढं विचारलं की बहुधा दारच उघडतं, आणि चहाबरोबर घराचा इतिहासही मिळतो. कुणी नको म्हटलं तर तिथून निघावं.

या दिवाळीत घरोघर रंग निघतील, जुनी दारं उतरतील, फरशा बदलतील. त्याआधी आपल्या घराचं, वाड्याचं, चाळीचं दार, कठडा, जिना आणि पाटी टिपा. खाली पत्ता आणि तारीख लिहा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या दाराबद्दल विचारा आणि त्याचं उत्तर त्याच टिपेत लिहून ठेवा. तालुक्याच्या वाचनालयाने आणि महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने एक कपाट आणि एक संगणक या कामासाठी द्यावा. आत्झेला गिऱ्हाईक शोधावं लागलं. आपल्याला फक्त सुरुवात करायची आहे.