फोटोतला निळा कुठे जातो?

घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोंबद्दल एका वाचकाने विचारलं आहे: बाळाच्या बारशाचे फोटो चांगल्या चकचकीत कागदावर छापले, दिवाणखान्यात भिंतीला लावले, आणि दिवाळी उलटायच्या आत सगळ्यांचे चेहरे नारिंगी दिसायला लागले. कागदवाला म्हणतो शाई हलकी होती, शाईवाला म्हणतो कागद हलका होता. खरं कोणाचं?

दोघांचंही निम्मं खरं. फोटो नारिंगी होतो तेव्हा त्यात लाल रंग वाढलेला नसतो, निळा उडालेला असतो. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांपैकी सायन अशक्त झाली की मॅजेंटा आणि पिवळा मिळून नारिंगी पुढे येतो. म्हणजे चौकशी करायची ती सायनची. आणि या निळ्याची जन्मकथा इतकी सुरेख आहे की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९२७ साली स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर विद्यापीठात हेन्री द दिएस्बाख आणि एडमंड फॉन डेर वाइड या दोघांना एक साधं, रंगहीन रसायन बनवायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक सेंद्रिय संयुग कॉपर सायनाइडबरोबर तापवलं. हाती आली गर्द निळी भुकटी. तिच्यावर त्यांनी उष्णतेचा आणि तीव्र आम्लांचा मारा केला, तरी ती दाद देईना. या विलक्षण चिवटपणाची त्यांनी नोंद केली, शोधनिबंध लिहिला आणि विषय तिथेच सोडला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात काच-अस्तराच्या एका लोखंडी भांड्याला तडा गेला, आतला कच्चा माल लोखंडाला लागला आणि पांढऱ्या उत्पादनात निळसर-हिरवे डाग आले. तिथल्या रसायनज्ञांनी हा ‘खराब’ माल फेकून दिला नाही. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पॅट्रिक लिनस्टेड यांनी या रेणूची रचना उलगडली, त्याला थॅलोसायनिन हे नाव दिलं, आणि १९३५मध्ये तांब्याचं थॅलोसायनिन ‘मोनॅस्ट्रल ब्लू’ म्हणून बाजारात आलं. फ्रिबूरच्या त्या जोडीचं नाव मात्र मागेच राहिलं, ही गोष्ट मला फार खटकते. तुमच्या हातातल्या या पुरवणीतला निळाही त्यांच्याच भुकटीचा आहे.

उकळत्या आम्लाला न बधणारा हा रंग मग भिंतीवरच्या फोटोतून काही महिन्यांत कसा उडाला?

मूळ थॅलोसायनिन पाण्यात विरघळत नाही. ते शाईत घालायचं तर अगदी बारीक, साधारण १०० नॅनोमीटरचे कण करून पाण्यात तरंगत ठेवावे लागतात. ही पिगमेंट शाई. दुसरा मार्ग म्हणजे रेणूला सल्फॉनिक आम्लाचे गट जोडायचे. मग तोच रेणू पाण्यात सुटा विरघळतो आणि होते डाय शाई. रंग तेजस्वी, किंमत कमी, प्रिंटरचं तोंडही सहसा तुंबत नाही. पण रेणू एकटा पडतो. उसाच्या फडात वारा घुसला की कडेची धाटं आडवी होतात आणि आतला ऊस उभा राहतो. पिगमेंटच्या कणातही वरचे रेणू मार खातात, आतले शाबूत राहतात. डायच्या सुट्या रेणूला असा आतला भाग नसतोच.

आता कागदाकडे या. साध्या झेरॉक्सच्या कागदात शाई तंतूंमध्ये पसरते, म्हणून फोटो फिका आणि कडा फुटलेल्या दिसतात. चकचकीत फोटो पेपरवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचा अतिसच्छिद्र थर असतो. शाईचा थेंब पडताक्षणी छिद्रांत शोषला जातो, फोटो हाताला कोरडा लागतो आणि लोक खूश होतात. पण ज्या छिद्रांतून शाई आत जाते त्यांतूनच हवाही जाते. डायचे रेणू या प्रचंड आतल्या पृष्ठभागावर पातळ पसरलेले असतात, आणि हवेतला ओझोन थॅलोसायनिनचं कडं फोडतो. ओझोन वर आकाशात आपलं रक्षण करतो तसा जमिनीलगतही असतो. गाड्यांचा धूर आणि ऊन एकत्र आले की तयार होतो. आपल्या शहरांत दोन्ही मुबलक.

हे जगाला कळलं ते २००० साली. एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर तेव्हा नवे होते. चकचकीत कागदावरच्या त्यांच्या फोटोंना सुमारे दहा वर्षांचं आयुष्य सांगितलं होतं. काही घरांत ते फोटो थोड्या दिवसांतच नारिंगी झाले, काही घरांत तसेच राहिले. दहा वर्षांचा आकडा खोटा नव्हता. तो प्रकाशाच्या चाचणीतून आला होता, काचेखाली ठेवलेल्या फोटोवरून. काचेमुळे हवाच लागत नव्हती, तर ओझोन सापडणार कसा? अमेरिकेत आयोवामधल्या ग्रिनेल गावी हेन्री विल्हेल्म यांची या विषयाला वाहिलेली प्रयोगशाळा आहे. पुढे तिच्या अहवालांत प्रकाशाच्या जोडीला ओझोनचाही स्वतंत्र आकडा येऊ लागला.

म्हणून खोक्यावरची ‘१०० वर्षं’ वाचताना अटी वाचा. विल्हेल्म यांच्या पद्धतीत रोज १२ तास ४५० लक्स उजेड, २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरतात. खिडकीशेजारच्या भिंतीवर याच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता ८० टक्क्यांखाली क्वचितच उतरते. शिवाय तो आकडा एका ठरावीक शाई-कागदाच्या जोडीचा असतो. बाटली बदलली की आकडा संपला. स्वस्त, बिननावाची शाई मी शाळेच्या प्रोजेक्टला बेलाशक वापरीन, बारशाच्या फोटोला नाही.

घरात टाकीवाला प्रिंटर असेल तर बहुधा रंगीत शाया डाय असतात. काळी काही मॉडेलमध्ये डाय, काहींत पिगमेंट. बाटलीवर किंवा माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. पिगमेंट काळी चकचकीत कागदाच्या छिद्रांत शिरत नाही, वरच बसते आणि बोटाला लागते. त्यामुळे छापताना सेटिंगमध्ये ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडायलाच हवं. मग अशा प्रिंटरमध्ये काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो.

कागद घेताना नमुन्याचा कोपरा फाडून बघा. मधून प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणला गेला तर तो रेझिन-कोटेड, फोटोसाठी उत्तम. नुसते तंतू दिसले तर साध्या कागदावर चकाकी चढवलेली आहे. जास्त शाई पडली की तो लाटा धरतो. छापायची बाजू कळत नसेल तर किंचित ओलसर बोट लावा: सच्छिद्र बाजू बोटाला चिकटते. हा रेझिन-कोटेड कागद लेझर प्रिंटरमध्ये मात्र कधीही घालू नका, आतल्या तापल्या रोलरवर प्लॅस्टिक वितळतं. छापलेला फोटो एक दिवस उघडा वाळू द्या, मगच काचेच्या फ्रेममध्ये लावा किंवा लॅमिनेट करा. घाई केली तर शाईतली सावकाश उडणारी द्रव्यं काचेवर धुक्यासारखी जमतात.

आमंत्रणपत्रिकेचं गणित वेगळं. तिला वीस वर्षं टिकायचं नसतं, पण ती हाताळली जाते, आणि तिच्यावर ओलं हळदी-कुंकू लागतं. डाय शाईने साध्या कागदावर छापलेलं नाव त्या ओलाव्यात फुटतं. मजकूर पिगमेंट काळीत असेल तर जागचा हलत नाही. ऑफसेटवाले वापरतात ते आर्ट कार्ड घरी आणू नका. त्याच्यावरचा घट्ट चिनी मातीचा थर पाण्याची शाई पिऊ शकत नाही, अक्षरं तासभरानंतरही पुसली जातात. इंकजेटसाठीचं मॅट कार्ड घ्या, २०० जीएसएमच्या आसपासचं, आणि शक्यतो मागच्या ट्रेमधून घाला. खालच्या ट्रेमधून जाड कार्डाला आत पूर्ण वळण घ्यावं लागतं आणि ते अडकतं.

घडीचं कार्ड असेल तर ग्रेन बघून घ्या. कार्डाचा छोटा चौकोन कापून मागची बाजू ओली करा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू. घडी तिला समांतर घाला, आणि त्याआधी पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. आडवी घडी घातली तर शाईचा थर तडकतो आणि मधून पांढरी रेघ दिसते.